पुण्यात बगळ्यांची उबवण कधी आणि कशी पाहावी

तुमच्या प्रश्नांचा गोषवारा असा: अमेरिकेतल्या एका बगळ्याच्या घरट्यावरचं थेट चित्रण तुम्ही पाहिलंत. त्यात वसंतात निळसर अंडी आणि पाळीपाळीने त्यांवर बसणारं जोडपं दिसलं. आता एरंडवण्यात तुमच्या सोसायटीसमोरच्या पर्जन्यवृक्षावर बगळे काटक्या आणायला लागलेत. इथे अंडी कधी होतील, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ती दिसतील का, पाहताना पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करायचं, आणि पावसाआधी फांद्या छाटून घ्या म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना काय सांगायचं, हे तुम्हाला हवंय.

आधी वेळेचं बघू, बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुम्ही पाहिलेला पक्षी म्हणजे ग्रेट ब्लू हेरॉन, आपल्या राखी बगळ्याचा उत्तर अमेरिकेतला थोरला भाऊबंद. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकामध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आहे. तिच्या शेजारच्या तळ्यातल्या वठलेल्या झाडावर हे बगळे २००९ पासून घरटं करू लागले आणि २०१२ मध्ये तिथे कॅमेरा बसवला गेला. त्या वर्षी पाच अंडी होती. एका रात्री शिंगळ्या घुबडाने झडप घातली, तेव्हा अंड्यांवर बसलेला पक्षी जागचा हलला तो फक्त किंचाळून अंगावर जाण्यापुरता. घुबड गेलं आणि तो पुन्हा अंड्यांवर बसला. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये अंडी, साधारण चार आठवडे उबवण आणि मे महिन्यात पिल्लं असा क्रम असतो. ब्रिटनमधले राखी बगळे तर त्याहून लवकर, फेब्रुवारीतच घरट्यांवर येतात. तिथे त्यांच्या घरट्यांची गणना १९२८ पासून चालू आहे.

पुण्यात हाच वसंत मनात धरून मार्चमध्ये दुर्बीण घेऊन झाडाखाली गेलात तर रिकाम्या जुन्या काटक्यांशिवाय बहुधा काही दिसणार नाही. शहरातले वंचक, गायबगळे, लहान बगळे या जातींचे बगळे पावसाच्या तोंडावर घरटी करायला घेतात. कारण अगदी सरळ आहे. पिल्लं अंड्यातून बाहेर येतील तेव्हा खाणं मुबलक हवं. थंड प्रदेशात ते मे-जूनमध्ये असतं. आपल्याकडे ते आषाढ-श्रावणात असतं: डबक्यांत बेडकं आणि त्यांची पिल्लावळ, भिजलेल्या गवतात नाकतोडे, नदीच्या काठाला माशांची पोरं. तेव्हा उलट्या बाजूने हिशोब केलात की अंडी ज्येष्ठात का, ते कळतं. चैत्र-वैशाखात पक्ष्यांचा रंग बदलू लागतो, मृगाच्या आगेमागे काटक्यांची लगबग सुरू होते, पालख्या पुणं सोडून पुढे जातात त्या सुमाराला बरीचशी घरटी बसती झालेली असतात, म्हणजे पक्षी अंड्यांवर बसलेले असतात, आणि गणपतीपर्यंत पिल्लं फांद्यांवर उड्या मारत असतात. पाऊस लांबला की हे सगळं थोडं पुढे सरकतं.

वसंतातच पाहायचं असेल तर पुणे जिल्ह्यातच त्याची सोय आहे, फक्त शहर सोडावं लागतं. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावात आणि इंदापुरात जुन्या झाडांवर चित्रबलाकांची, म्हणजे करकोच्याच्या कुळातल्या मोठ्या पक्ष्यांची, सारंगागारं (एकत्र घरट्यांच्या वसाहती) आहेत आणि ती उन्हाळ्यात भरात असतात. भादलवाडीत राखी बगळ्यांचीही घरटी असतात. तिथे ऋतू वेगळा का, तर उजनीचं पाणी. उन्हाळ्यात जलाशय ओसरत जातो, उथळ पाण्यात मासे कोंडले जातात आणि मोठ्या पक्ष्यांना पिल्लं वाढवायला तो काळ सोयीचा पडतो. म्हणजे नियम तोच, फक्त पोट कशावर भरतं ते बदललं की महिने बदलतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात एखाद्या रविवारी तिकडे जाऊन या. काठावरून, स्पॉटिंग स्कोपने (तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीने) पाहा. जाताना स्थानिक वाटाड्या घ्या, कोणत्या बाजूने उन्हाचा त्रास होत नाही आणि पक्षी बिचकत नाहीत हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

आता तुमचं झाड. त्यावर कोण आहे हे आधी ठरवा, कारण काटक्यांचं बसकं घरटं आणि फिकट निळसर-हिरवट अंडी या दोन गोष्टी जवळजवळ सगळ्या बगळ्यांत सारख्याच. घरट्यावरून जात ओळखायला गेलात तर फसाल, बसलेल्या पक्ष्यावरूनच ओळखायची. पुणे शहरातल्या अशा झाडावर सगळ्यात जास्त शक्यता वंचकाची, म्हणजे ज्याला आपण ढोकरीही म्हणतो त्याची. एरवी नाल्याकाठी मातकट रेघांच्या अंगाने तो असा बसतो की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. विणीच्या काळात मात्र पाठ गडद तांबूस-जांभळी होते, डोकं आणि मान पिवळसर बदामी, आणि डोक्यामागे दोन-तीन लांब पांढरी पिसं लोंबतात. हा तोच पक्षी आहे यावर नवख्या माणसाचा पटकन विश्वास बसत नाही. गायबगळ्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर नारिंगी झाक येते. लहान बगळा पांढराशुभ्रच राहतो, पण त्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं आणि पाठीवर झालरीसारखी नाजूक पिसं येतात. चोच काळी, पाय काळे आणि पावलं पिवळी हे त्याचं कायमचं लक्षण. संध्याकाळी अंधार पडताना झाडातून ‘वॉक्’ असा घोगरा आवाज काढत कोणी बाहेर पडत असेल तर रातबगळेही आहेत. काळी टोपी, काळी पाठ, राखाडी पंख, लाल डोळा. एकाच झाडावर दोन-तीन जाती सुखाने नांदतात. मिश्र वसाहतीत मोठ्या अंगाचे पक्षी सहसा वरच्या फांद्या धरतात.

काटक्या आणण्याचा काळ घाईघाईत सोडून देऊ नका, पाहायला तो फार सुंदर असतो. जोडीतला एकजण, बहुतेक वेळा नर, काटकी आणतो आणि दुसरा घरट्यावर थांबून ती बसवतो. काटकी हातातोंडाशी येते तीसुद्धा रीतीने: येणारा पक्षी मान लांब करतो, डोक्यावरची पिसं उभारतो, घरट्यावरचा पक्षी तसंच उत्तर देतो, आणि मग चोचीतून चोचीत काटकी जाते. घेणारा ती कडेला टेकवून, थरथरवत, इतर काटक्यांत खुपसतो. खाली पडलेल्या काटक्या उचलण्यापेक्षा शेजारच्या घरट्यातून ओढून आणण्याकडे ओढा जास्त. त्यामुळे घरटं राखायला एकाला मागे थांबावंच लागतं. दोघं एकाच वेळी गेले की परत येईपर्यंत शेजारी निम्मं घरटं नेतात. इतकं करून जे तयार होतं ते विरळच असतं. वंचकाचं घरटं खालून पाहिलं तर काटक्यांच्या फटीतून आभाळ दिसतं. वळवाच्या एका जोरदार झोडपणीत काही घरटी आणि त्यातली अंडी खाली येतात, आणि तीच जोडी पुन्हा सुरुवात करते.

अंडी दिसतील का, याचं प्रामाणिक उत्तर: बहुधा नाही, आणि दिसावीत म्हणून काही करू नका. तुमची गॅलरी घरट्यांच्या पातळीला किंवा थोडी वर असेल तर पक्षी उठून उभा राहतो त्या दोन-चार क्षणांत फिकट निळा ठिपका दिसू शकतो. तेवढं पुरे. उबवण पाहायची म्हणजे बसलेल्या पक्ष्याचं वागणं वाचायचं. ते जमलं की अंडी न दिसताही आत काय चाललंय ते दिवसागणिक सांगता येतं.

काटक्यांच्या काळात पक्षी घरट्यावर उभा असतो, बसला तरी चुळबुळत असतो. मग एक दिवस त्याची बसण्याची ढब बदलते. तो घरट्यात खोल रुततो. कडेवरून फक्त चोच, डोक्याचा माथा आणि दुसऱ्या टोकाला शेपटी एवढंच दिसतं. मान आखडून खांद्यात घेतलेली. शेजारी भांडण झालं तरी मान फिरते, अंग उठत नाही. हे असं सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिन्ही वेळा दिसलं की अंडी आहेत असं धरा आणि वहीत तारीख टाका.

मग लक्ष ठेवा तो उठतो कधी यावर. अधूनमधून तो सावकाश उभा राहतो, पाय जपून बाजूला घेतो, मान खाली वाकवून चोच घरट्यात घालतो आणि काहीतरी हलकेच आपल्याकडे ओढल्यासारखं करतो. ही अंडी फिरवण्याची क्रिया. अंड्याला सगळीकडून सारखी ऊब मिळावी आणि आतला गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटू नये, यासाठी ती लागते. फिरवून झालं की तो पोटाखालची पिसं फुलवतो, डावी-उजवीकडे अंग घुसळत पुन्हा खाली बसतो. दुर्बिणीतून ही हालचाल अगदी स्पष्ट कळते. चांगल्या उजेडात, स्थिर हाताने पाहिलं तर चोचीचं टोक किती हळू फिरतंय तेही दिसतं. मासा भोसकायची ती चोच, आणि अंड्याला ओरखडाही येत नाही.

कोंबडी खुडूक बसली की एकटीच बसते. बगळ्यांत दोघंही बसतात. नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे आत्ता कोण बसलंय हे सांगण्याचा हट्ट धरू नका. पाळी बदलली एवढं नोंदवणं महत्त्वाचं. पाळी बदलते ती काही तासांनी. पहाटे आणि दिवस मावळायच्या आधी ही अदलाबदल दिसण्याची शक्यता जास्त. येणारा पक्षी थेट घरट्यावर उतरत नाही, शेजारच्या फांदीवर उतरून चालत येतो. पिसं उभारून, मान लांबवून एकमेकांना ओळख देणं होतं, आणि पुष्कळदा येणाऱ्याच्या चोचीत एखादी काटकी असते. उबवणीच्या दिवसांतही घरट्यात भर पडत राहते ती अशी. बसलेला पक्षी काटकी घेतो, बसवतो, मगच उठतो. कधीकधी तो उठायला तयारच नसतो. दुसरा शेजारी उभा राहून वाट पाहतो, अंगाला अंग लावून हळूहळू त्याला सरकवतो. उठलेला पक्षी फांदीवर जाऊन अंग ताणतो, पिसं झाडतो, विष्ठा करतो आणि नदीच्या दिशेने निघतो. झाडावर रातबगळे असतील तर तिन्हीसांजेला थांबाच. वंचक आणि गायबगळे परतत असतात आणि रातबगळ्यांची शिकारीची वेळ सुरू होत असते. पंधरा-वीस मिनिटं झाडावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची एकच गर्दी उडते.

जूनमध्ये पाऊस रेंगाळला आणि ऊन तापलं तर आणखी एक गोष्ट दिसेल. पक्षी अंड्यांवर न बसता त्यांच्यावर उभा राहतो, पाठ सूर्याकडे, पंख अर्धे उघडे, चोच किंचित उघडी आणि गळ्याची कातडी भराभर थरथरत असते. हा उबवण सोडून आळसावलाय असं समजू नका. पक्ष्यांची अंडी साधारण ३६ ते ३८ अंशांच्या आसपास उबवली जातात. त्यापेक्षा थंड पडली तर गर्भाची वाढ मंदावते, पण त्यापेक्षा बरीच तापली तर गर्भ मरतो, आणि मरायला वेळ लागत नाही. भर दुपारच्या उन्हात या पक्ष्याचं काम अंडी गार राखण्याचं असतं. गळा थरथरवून तो स्वतःच्या अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि अंगाची सावली अंड्यांवर धरतो.

त्रास न देता कसं पाहायचं, याचं उत्तर यातच आहे. तुमच्यामुळे पक्षी उठला की अंडी एकतर उन्हात पडतात किंवा कावळ्याच्या नजरेला पडतात. पुण्यात कावळे प्रत्येक सारंगागारावर टेहळणी करत असतात. पक्षी उडाल्यापासून कावळा घरट्यात उतरेपर्यंत मिनिटभरही लागत नाही, आणि घारी वरून घिरट्या घालत असतातच. त्यामुळे माझी एकच कसोटी आहे: माझ्या येण्याने बसलेल्या पक्ष्याने मान उंच केली तर मी थांबतो, आणि उभा राहिला तर मागे फिरतो. अंतराचा कुठलाही ठरावीक आकडा यापुढे बिनकामाचा. शहरातल्या रस्त्यावरच्या झाडाला खालून जाणाऱ्या स्कूटर-रिक्षांची सवय असते, पण एकच माणूस थबकून वर रोखून पाहू लागला की तेच पक्षी अस्वस्थ होतात. त्यांना गर्दीपेक्षा रोखलेल्या नजरेची भीती जास्त वाटते.

तुमची गॅलरी यासाठी उत्तम. रोज त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी खुर्ची टाकून बसा, म्हणजे तुम्ही त्यांच्या रोजच्या देखाव्याचा भाग होता. ८×४२ ची साधी दुर्बीण पुष्कळ झाली. घरात दिवा मालवून थोडं आत सरकून बसलात तर अधिक बरं. चादर झटकणं, हात करून कुणाला दाखवणं, लहान मुलांचा गलका हे त्या गॅलरीत त्या दीड-दोन महिन्यांपुरतं टाळा. रात्री टॉर्च मारू नका. फोटो काढायचे असतील तर फ्लॅश बंद, आणि लेन्स पोचत नसेल तर फोटो सोडून द्या. ड्रोन मात्र अजिबात नको. तो बगळ्यांना शिकारी पक्ष्यासारखा वाटतो आणि एका फेरीत अख्खं झाड उठतं. फोटो लोकांना दाखवताना झाडाचा नेमका पत्ता लिहू नका. नंतर तिथे वीस कॅमेरे येतात आणि त्यातला एखादा टाळ्या वाजवून पक्षी उडवतोच.

गणपतीत आणि दहीहंडीला भिंतीएवढे स्पीकर त्याच रस्त्याला लागत असतील, तर मंडळाच्या कार्यकर्त्यांशी आधीच बोला. तेव्हा पिल्लं फांद्यांवर असतात, दचकून खाली पडतात. स्पीकरचं तोंड झाडापासून फिरवणं आणि लेझरचा झोत झाडावर न टाकणं एवढं मान्य करायला कुणाचं काही जात नाही. मी पाहिलंय की शांतपणे पिल्लं दाखवून सांगितलं तर पोरं ऐकतात, आणि मग तीच दुसऱ्यांना गप्प करतात.

अंड्यातून पिल्लं कधी येतील याचा अंदाज बांधणं सोपं आहे. गायबगळा, लहान बगळा, रातबगळा यांची उबवण साधारण २१ ते २६ दिवसांत उरकते. वंचकाची तेवढीच किंवा किंचित कमी. राखी बगळ्याला २५-२६ दिवस लागतात. तुमच्या वहीत पक्षी पक्का बसल्याची तारीख १० जून असेल, तर ४ जुलैच्या आसपास किंवा आधीच घरट्यात हालचाल दिसायला हवी. मात्र सगळी पिल्लं एका दिवशी येत नाहीत. बगळ्याची मादी एक-दोन दिवसांच्या अंतराने एकेक अंडं घालते, सगळी मिळून तीन ते पाच, आणि उबवण सुरू होते पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच. त्यामुळे थोरलं पिल्लू धाकट्यापेक्षा चार-सहा दिवसांनी मोठं असतं. खाणं भरपूर मिळालं तर सगळी जगतात, कमी पडलं तर धाकटं मागे पडतं आणि मरतं. थोरली त्याला चोची मारून कडेला ढकलतात. हे पाहताना जीव तुटतो. तरी मध्ये पडू नका. पावसाचा भरवसा नसलेल्या प्रदेशात या पक्ष्यांनी अंगी बाणवलेला हा हिशोब आहे: चांगल्या साली चार पिल्लं, वाईट साली निदान दोन.

पिल्लं आली की नाही हे वर न बघताही कळतं. सकाळी झाडाखालचा रस्ता बघा. फिकट निळ्या कवचाचा अर्धा भाग, कडा बऱ्यापैकी सरळ कापल्यासारखी आणि आतून जवळजवळ कोरडा असेल, तर पिल्लू सुखरूप बाहेर आलंय आणि आईबापांनी टरफल कडेवरून टाकून दिलंय. कवच वाकडंतिकडं फुटलेलं, भोक पडलेलं आणि आत बलक चिकटलेला असेल तर ते कावळ्याचं काम किंवा वाऱ्याने पडलेलं अंडं. दुसरी खूण म्हणजे पांढरे शिंतोडे. उबवणीच्या दिवसांत घरट्याच्या बरोबर खाली जमीन त्या मानाने स्वच्छ असते, कारण बसलेला पक्षी दूर फांदीवर जाऊन विष्ठा करतो. पिल्लं आल्यावर ती घरट्याच्या कडेला पाठ करून बाहेर पिचकारी मारायला शिकतात आणि आठवड्याभरात खाली पांढरं वर्तुळ उमटतं. तिसरी खूण आवाज, ‘टिक-टिक-टिक’ असा न थांबणारा, आईबाप आले की वाढणारा. आणि बसलेला पक्षी आता उंच बसतो, सारखा उठून खाली बघतो.

भरवण्याचा प्रकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला दांडगाई वाटते. पिल्लू आईची किंवा बापाची चोच कात्रीत धरल्यासारखी आडवी पकडून खाली खेचतं, आणि मग तो पक्षी पोटातलं अर्धवट पचलेलं खाणं बाहेर काढतो. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं घरटं सोडून आजूबाजूच्या फांद्यांवर चढू लागतात, पाय, पंख आणि चोच सगळं वापरून. गायबगळ्याची पिल्लं महिन्याभरात पहिल्यांदा उडतात, लहान बगळ्याची चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, रातबगळ्याची सहा-सात आठवड्यांत.

नोंदी ठेवायची इच्छा असेल तर झाडाचं ढोबळ रेखाचित्र काढा, घरट्यांना आकडे द्या आणि रोज प्रत्येकापुढे एकच शब्द लिहा: रिकामं, उभा, बसलेला, पाळी, पिल्लं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्षी नोंदवताना घरटं बांधणं, बसतं घरटं, पिल्लं असे विणीचे संकेत देता येतात, तेही भरा. नेमक्या जागेपेक्षा मोठ्या परिसराचं नाव दिलंत तर बरं. एकाच झाडाची सलग काही वर्षांची अशी साधी वही फार मोलाची असते. पाऊस पुढेमागे झाला की बसण्याच्या तारखा किती सरकतात हे तिच्यातूनच कळतं.

आता छाटणीचं. यावर माझं मत ठाम आहे: मे-जूनची पावसाळापूर्व छाटणी ही शहरातल्या सारंगागारांवरची सगळ्यात मोठी आपत्ती आहे, आणि ती टाळणं अगदी शक्य आहे. शेजाऱ्यांची तक्रार खोटी नाही. वास येतो, गाड्या खराब होतात, दम्याच्या माणसाला त्रास होतो. त्यांच्याशी पक्षिप्रेमाच्या गोष्टी न करता तारखेवर बोला. फांदी खरोखर धोकादायक असेल तर ती डिसेंबर-जानेवारीत काढता येते, तेव्हा बगळ्यांची घरटी रिकामी असतात. फक्त त्या झाडावर घारीचं घरटं नाही ना हे पाहून घ्या, घारी हिवाळ्यातच बसतात. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्ष कायद्यानुसार फांद्या छाटायलासुद्धा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, सोसायटीचा ठराव पुरत नाही. आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. त्यामुळे बसत्या घरट्यांसकट फांदी पाडणं हा गुन्हा ठरतो. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, त्यात घरट्यांची संख्या, तारीख आणि फोटो जोडा, एक प्रत उद्यान विभागाला आणि एक वन विभागाला. छाटणीवाले दारात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हा कागद मेच्या पहिल्या आठवड्यात गेलेला बरा. त्याच वेळी तोडगाही सुचवा: ऑगस्टअखेरपर्यंत झाडाखालची दोन-चार पार्किंगं दुसरीकडे हलवणं, गाड्यांना कव्हर, खालचा भाग आठवड्यातून दोनदा पाण्याने धुणं. कोरडी विष्ठा झाडून धूळ उडवू नका. आधी भिजवा, तोंडाला मास्क लावा, नंतर हात धुवा.

खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर ते आईबाप जमिनीवर येऊन भरवतील अशी आशा धरू नका, बगळे सहसा ते करत नाहीत. पिल्लू फांद्यांवर चढण्याएवढं मोठं असेल आणि धडधाकट दिसत असेल तर त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर ठेवून लांबून पाहा. लहान, ओलं किंवा जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात जुना टॉवेल घालून ठेवा, झाकण लावा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दूध, ब्रेड, भात काहीही देऊ नका, तोंडात पाणी ओतू नका. उचलताना टॉवेल टाकूनच उचला आणि चेहरा लांब ठेवा. बगळ्याचं पिल्लूसुद्धा चोच थेट डोळ्यावर मारतं.

पिल्लं उडून गेल्यावर रिकामी घरटी काढून टाकू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नका काढू. वाऱ्यापावसाने बरीचशी आपोआप जातात. जी टिकतात त्यांच्यावरच पुढच्या ज्येष्ठात पहिल्या जोड्या येऊन बसतात, आणि उरलेल्यांच्या काटक्या बाकीचे पळवतात.